उजवीकडची गुठळी डावीकडे जाते तेव्हा

मावळात कुणी ‘हृदयाला छिद्र आहे’ म्हटलं, की ऐकणारा आधी विचारतो, ‘बाळ किती महिन्यांचं?’ त्याचं चुकत नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत येतात. छातीला नळी लावून ऐकतात, संशय आला तर टू-डी इकोला पाठवतात, आणि पुढची शस्त्रक्रिया बहुधा सरकारी योजनेतून होते. त्यामुळे छिद्र म्हणजे लहान मुलाचा आजार, हे आपल्याकडे पक्कं बसलं आहे. मग एखाद्या चाळिशीतल्या, बीपी नसलेल्या, शुगर नसलेल्या माणसाचा हात सकाळी उठता उठता लुळा पडतो, जीभ जड होते, आणि चार दिवसांनी डॉक्टर सांगतात की याच्या हृदयात जन्मापासून एक वाट उघडी आहे. घरचे चक्रावतात. इतकी वर्षं कळलं कसं नाही, हा त्यांचा पहिला प्रश्न. आता ते छिद्र बुजवायचं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्यावर जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांनी आणि मेंदुविकारतज्ज्ञांनी पंचवीस वर्षं वाद घातला आहे.

आधी हे छिद्र कोणतं ते पाहू. पोटातल्या गर्भाची फुप्फुसं काम करत नाहीत. प्राणवायू नाळेतून येतो. तेव्हा सगळं रक्त फुप्फुसांकडे पाठवण्यात अर्थ नसतो. म्हणून हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात निसर्गाने एक वाट ठेवलेली असते. तिला ‘फोरामेन ओव्हाले’ म्हणतात. उजवीकडचं रक्त त्या वाटेने थेट डावीकडे आणि तिथून मेंदूकडे जातं. बाळ जन्मल्यावर पहिला श्वास घेतं, फुप्फुसांत रक्त धावतं, डाव्या कप्प्यातला दाब वाढतो आणि पडद्याची एक पाळ दुसरीवर दाबली जाते. पुढे बहुतेकांमध्ये या पाळी एकमेकींना कायमच्या चिकटतात. सगळ्यांच्या मात्र चिकटत नाहीत. अशांचं हृदय म्हणजे दार चौकटीला टेकलेलं, पण कडी न लावलेलं. बाहेरून काही कळत नाही, छातीत आवाज येत नाही, दम लागत नाही. या स्थितीचं लघुनाव पीएफओ. मुलांमध्ये ज्यावर शस्त्रक्रिया करावी लागते ते छिद्र बहुतेक वेळा वेगळं असतं. तिथे पडद्याचा तुकडाच कमी असतो.

असे किती लोक असतील? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९८४ मध्ये ९६५ मृतांच्या हृदयांची पाहणी प्रसिद्ध केली. २७.३ टक्के हृदयांत ही वाट उघडी होती. तिशीच्या आतल्यांत ३४.३ टक्के, तर ऐंशी ओलांडलेल्यांत २०.२. म्हणजे ढोबळमानाने चारांत एक. मावळ तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेचार लाखांच्या आसपास होती. याच हिशेबाने लोणावळा, तळेगाव, वडगाव, कामशेत आणि तिन्ही मावळांतल्या वाड्यावस्त्या धरून नव्वद हजारांहून अधिक माणसं हे न लागलेलं दार घेऊन भात लावतात, रिक्षा चालवतात, चिक्की विकतात. त्यातल्या बहुतेकांना त्याचा आयुष्यभर काहीही त्रास होणार नाही. पुढचं सगळं वाचताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा, कारण वादाचं मूळ त्यातच आहे.

धोका कुठून येतो? पायाच्या किंवा ओटीपोटाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी धरते. ती सुटली तर उजव्या हृदयातून फुप्फुसात जाऊन अडकते. मोठी असेल तर जीव घेते. बारीक असेल तर फुप्फुस ती अडवतं आणि शरीर हळूहळू विरघळवतं. आपल्या नकळत असं किती वेळा होत असेल! पण नेमक्या त्या क्षणी पडद्याची पाळ उघडली, तर गुठळी फुप्फुसाला वळसा घालून डावीकडे येते आणि मेंदू, मूत्रपिंड, आतडं, हात, पाय यांपैकी कुठेही जाते. शिरेतल्या गुठळीने धमनी बंद पडावी, हे शरीररचनेच्या उलटं वाटतं. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ युलियस कोनहाइम याने १८७७ मध्ये पक्षाघाताने मेलेल्या पस्तीस वर्षांच्या एका बाईचं वर्णन केलं. तिच्या पायाच्या शिरेत गुठळी होती आणि हृदयात ही वाट उघडी होती. त्याने दोन्हींचा संबंध जोडला. तेव्हापासून आजवर गुठळी अर्धी इकडे, अर्धी तिकडे अशी छिद्रातच अडकलेली रंगेहाथ सापडल्याची उदाहरणं आहेत, पण मोजकी. बाकी सगळा खटला परिस्थितीजन्य पुराव्यावर चालतो.

दार उघडतं कधी, याचं उत्तर दाबात आहे. आणि शरीराच्या आतला दाब मोजण्याशी लोणावळ्याचा जुना संबंध आहे. स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे संशोधनपत्र काढलं. योगाला प्रयोगशाळेच्या कसोटीवर घासून पाहायचं, हा त्यांचा हट्ट होता. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय होतं, हे त्यांनी क्ष-किरणांनी पाहिलं आणि दाबमापक लावून मोजलं. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो, हे त्यांना आढळलं. आपले गुरू माधवदास महाराज यांच्या नावावरून त्यांनी त्याला ‘माधवदास व्हॅक्यूम’ असं नाव दिलं. पीएफओचा विषय त्यांच्या ध्यानीमनी असण्याचं कारण नव्हतं. पण श्वास आणि स्नायू यांच्या जोरावर माणूस आपल्या धडातले दाब किती उलटेपालटे करू शकतो, हे त्यांनी दाखवलं आणि तीच या विषयाची किल्ली आहे.

एरवी डाव्या कप्प्यातला दाब उजव्यापेक्षा थोडासा, पाऱ्याच्या काही मिलिमीटरने, जास्त असतो. तेवढ्याने पाळ मिटलेली राहते. आता माणूस भाताचं पोतं उचलताना दम कोंडतो, शौचाला कुंथतो, खोकल्याची उबळ येते, शंख फुंकतो. छातीतला दाब वाढतो, पोटातलं आणि पायांतलं रक्त वर यायचं थांबतं. जोर सोडला की ते तुंबलेलं रक्त एकदम उजव्या कप्प्यात घुसतं आणि काही ठोक्यांपुरता उजवीकडचा दाब डावीकडच्यापेक्षा वरचढ होतो. दार ढकललं जातं. याच क्रियेला वैद्यकात ‘व्हालसाल्व्हा’ म्हणतात. इटलीच्या अंतोनिओ व्हालसाल्व्हाने १७०४ च्या ग्रंथात ती सांगितली होती, तीही कानाचे विकार बरे करायला. म्हणूनच तरुण रुग्णाला पक्षाघात झाला की जाणकार डॉक्टर विचारतात: नेमकं त्या वेळी काय करत होता? काही जड उचललं? त्याआधी खूप वेळ एका जागी बसला होता?

मग प्राणायाम, कुंभक, बंध यांचं काय, असा प्रश्न लोणावळ्यात तरी कुणी ना कुणी विचारणारच. उड्डियानात श्वास पूर्ण सोडून, गळा बंद ठेवून छाती फुलवतात. त्या ओढीने शिरांतलं रक्त उजव्या हृदयाकडे जास्त खेचलं जातं. पण त्यावरून योगाने अर्धांग होतं असा निष्कर्ष काढणं म्हणजे शंख फुंकणाऱ्या प्रत्येकाला रुग्ण ठरवण्यासारखं आहे. दार उघडण्याने अपाय होत नाही. अपाय होतो तो त्या वेळी गुठळी दारात असली तर. चांगले योगशिक्षक हृदयरोग्यांना आणि बीपीवाल्यांना उड्डियान आणि दीर्घ कुंभक आधीपासूनच करू देत नाहीत. ज्याला पीएफओमुळे एकदा पक्षाघात झाला आहे आणि ज्याची वाट अजून बुजवलेली नाही, त्यानेही स्वतःला याच यादीत धरावं आणि डॉक्टरांना विचारूनच पुढे जावं, असं माझं मत आहे. चालणं, साधी आसनं, दम न कोंडता केलेला श्वासाचा अभ्यास यांना भिण्याचं कारण नाही.

तपासणीसुद्धा याच कुंथण्यावर उभी आहे. सलाइनचं पाणी थोड्या हवेसह दोन सिरिंजांमध्ये पुढे-मागे खळखळवून त्यात बारीक बुडबुडे करतात आणि हाताच्या शिरेत सोडतात. इकोच्या पडद्यावर उजवा कप्पा पांढरा चमकतो. रुग्णाला कुंथायला सांगतात, मग ‘सोडा’ म्हणतात. पहिल्या तीन ठोक्यांच्या आत डावीकडे बुडबुडे दिसले तर वाट उघडी आहे. उशिरा दिसले तर वाट फुप्फुसात असू शकते. वीसहून जास्त बुडबुडे आले तर वाट मोठी मानतात. पडदा स्वतःच सैल असून मधल्या रेषेपासून दहा मिलिमीटर किंवा अधिक फुगून हलत असेल, तर संशय आणखी वाढतो. छातीवरून काढलेल्या साध्या इकोत हे सहज निसटतं. अन्ननलिकेतून नळी घालून केलेल्या इकोत नीट दिसतं. ‘माझा इको नॉर्मल होता’ एवढ्यावर म्हणूनच विषय संपत नाही.

आता वादाकडे. १९८८ मध्ये फ्रान्सच्या लशा आणि सहकाऱ्यांनी पंचावन्नच्या आतल्या पक्षाघाताच्या साठ रुग्णांची बुडबुड्यांची तपासणी करून निष्कर्ष छापले. चाळीस टक्क्यांत वाट उघडी होती. तुलनेसाठी घेतलेल्या शंभर जणांत ती दहा टक्के होती. एवढा फरक पाहून कुणालाही वाटावं की गुन्हेगार सापडला. जांघेतल्या शिरेतून तार घालून दोन चकत्यांचं जाळीदार बटण पडद्याला बसवण्याचं तंत्र तयार होतंच. नव्वदच्या दशकापासून ती बटणं बसू लागली आणि जगभर हजारो बसली. ती खरोखर पक्षाघात टाळतात का, याची नीट चाचणी मात्र कुणी पूर्ण केली नव्हती. छिद्र दिसलं की बुजवावंसं वाटणं स्वाभाविक आहे, पण चारांतल्या एकाला ते असतंच. बुजवल्यानंतर काही झालं नाही, तर बुजवलं नसतं तरी काही झालं नसतं कशावरून?

२०१२ मध्ये पहिल्या मोठ्या चाचणीचा निकाल लागला. ९०९ रुग्ण, अर्ध्यांना बटण, अर्ध्यांना फक्त औषध. दोन वर्षांनी पक्षाघाताचं प्रमाण २.९ आणि ३.१ टक्के, म्हणजे जवळपास बरोबरी. पुढच्या वर्षी आणखी दोन चाचण्यांचे निकाल आले आणि त्यांतही बटणाचा फायदा सिद्ध झाला नाही. मेंदुविकारतज्ज्ञ म्हणाले, बघा. हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, तुम्ही माणसं चुकीची निवडलीत. आणि इथे हृदयरोगतज्ज्ञांचं बरोबर होतं, असं पुढे दिसलं. सप्टेंबर २०१७ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात तीन अभ्यास छापून आले. त्यांतल्या फ्रेंच चाचणीत निवड कडक होती: साठच्या आतले रुग्ण, दुसरं कारण न सापडलेला पक्षाघात, आणि वाट मोठी किंवा पडदा सैल. सरासरी पाच वर्षांत औषधावरच्या २३५ पैकी १४ जणांना पुन्हा पक्षाघात झाला. बटण बसवलेल्या २३८ पैकी एकालाही झाला नाही.

२०२१ मध्ये सहा चाचण्यांतल्या ३,७४० रुग्णांची माहिती एकत्र करून पुन्हा हिशेब मांडला गेला. औषधावर दरवर्षी १.०९ टक्के, बटणानंतर ०.४७ टक्के. म्हणजे हजार माणसांत वर्षाला साधारण सहा पक्षाघात टळतात. आकडा लहान वाटेल. पण तीस वर्षांच्या माणसापुढे अजून चाळीस वर्षं असतात. त्याहून महत्त्वाचं असं, की रुग्णांचे गट पाडले तर चित्र बदलतं. ज्यांच्यात छिद्रच कारण असण्याची शक्यता दाट होती, त्यांच्यात बटणाने धोका नव्वद टक्के उतरला. ज्यांच्यात ती शक्यता नव्हतीच, त्यांना काडीचा फायदा झाला नाही. उलट त्यांच्यात बटणानंतर हृदयाची लय बिघडण्याचा त्रास राहिला, आणि बिघडलेली लय स्वतःच पक्षाघाताचं मोठं कारण असते. म्हणजे फुकटात काही मिळत नाही.

हे गट पाडायला एक साधी गुणपत्रिका आहे. बीपी नाही, एक गुण. मधुमेह नाही, एक. तंबाखू ओढत नाही, एक. आधी पक्षाघात झालेला नाही, एक. मेंदूच्या वरच्या थरात इजा आहे, एक. मग वयाचे गुण: तिशीच्या आत पाच, आणि दर दशकाला एक कमी होत सत्तरीत शून्य. दहापैकी जितके जास्त, तितकं छिद्र दोषी असण्याची शक्यता जास्त. तीन किंवा कमी असतील तर छिद्र बहुधा योगायोगाने सापडलं आहे. वय वाढतं तशी इतर कारणं वाढतात, एवढाच यामागचा तर्क.

दोन प्रसिद्ध रुग्ण शेजारी ठेवले की हा तर्क स्पष्ट होतो. अमेरिकी मॉडेल हेली बीबरला मार्च २०२२ मध्ये, पंचविशीत, थोड्या वेळात ओसरलेला झटका आला. अलीकडचा कोविड, गर्भनिरोधक गोळ्या, लांबचा विमानप्रवास आणि मोठा पीएफओ, हे सगळं जुळून आलं, असं तिने स्वतः सांगितलं. तिचं छिद्र बुजवलं गेलं. दुसरा रुग्ण म्हणजे इस्रायलचे तेव्हाचे पंतप्रधान एरियल शेरॉन, वय ७७. डिसेंबर २००५ मध्ये सौम्य पक्षाघात झाला, हृदयाच्या पडद्यात छोटं छिद्र सापडलं. ते बुजवायचं ठरलं आणि तोवर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी इंजेक्शनं सुरू झाली. छिद्र बुजवण्यासाठी ५ जानेवारी २००६ ही तारीख ठरली होती. ४ जानेवारीच्या रात्री मेंदूत मोठा रक्तस्राव झाला. ते आठ वर्षं बेशुद्धीत होते आणि ११ जानेवारी २०१४ ला गेले. आजच्या गुणपत्रिकेत सत्याहत्तर वर्षांना वयाचा एकही गुण नाही. मागे वळून शहाणपण सांगणं सोपं असतं. तरी साठीपुढच्या रुग्णात छिद्र सापडलं की आधी हृदयाची लय दिवसेंदिवस तपासायची, मानेच्या धमन्या पाहायच्या, ही आजची रीत योग्यच आहे. आपल्याकडे तर लहानपणीच्या सांधेतापाने झडप अरुंद झालेले रुग्ण अजूनही भेटतात. त्यांची गुठळी डाव्या हृदयातच तयार होते. तिला छिद्राची गरज लागत नाही.

छिद्राबद्दल एवढी चर्चा होते, पण गुठळी जिथे धरते त्या पायांकडे आपलं लक्ष कमी असतं. मावळात त्याची कारणं डोळ्यांसमोर आहेत. तालुक्याचं आजचं रूप ठरवलं ते २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गाने. त्यावर अपघात होतात, मांडीची हाडं मोडतात. लांब हाड मोडलं की त्यातली चरबीसुद्धा रक्तात उतरते आणि पीएफओ असेल तर तीही मेंदूत पोचू शकते. १९९३ मध्ये असा एक मृत्यू वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला. पुढे प्लास्टरमध्ये महिनाभर पडून राहिलेल्या पायात गुठळी धरते ती वेगळीच. हाड बसवणाऱ्या डॉक्टरांनी ‘पाय हलवत राहा’ म्हटलेलं घरी कुणी गांभीर्याने घेत नाही. जखमी माणसाला झोपवून ठेवणं म्हणजे सेवा, असंच आपल्याला वाटतं.

बाळंतिणीचं तसंच. प्रसूतीनंतरचे सहा आठवडे रक्त घट्ट होण्याकडे झुकलेलं असतं आणि नेमक्या त्याच सव्वा महिन्यात तिला खाटेवर ठेवतात. काही घरांत पाणीही मोजून देतात. ही चाल बंद व्हायला हवी. आणखी एक कारण जीवनसत्त्व बी-१२ चं. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासून २००६ मध्ये लिहिलं की ६७ टक्क्यांत बी-१२ कमी आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन, म्हणजे बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक, जास्त आहे. यात शहरी होते आणि खेड्यातलेही. होमोसिस्टीन वाढण्याचा गुठळीशी संबंध दिसतो. म्हणून तरुण रुग्णात ते मोजतात.

पाणबुड्यांचा प्रश्न वेगळा. खोल पाण्यातून वर येताना रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, ते एरवी फुप्फुसात गाळले जातात, पीएफओत मेंदूकडे निसटतात. तारकर्लीला सुटीत एकदा उथळ पाण्यात उतरणाऱ्याने यासाठी आधी इको करून घेण्याचं कारण नाही. अर्धशिशीसाठी छिद्र बुजवणंही चाचण्यांत टिकलं नाही. २००८ च्या ब्रिटिश चाचणीत बटणाने डोकेदुखी थांबली नाही. डोकं दुखतं म्हणून कुणी बटण सुचवलं, तर दुसरं मत घ्यावं.

मावळच्या माणसासाठी या सगळ्या आढाव्यात एक गोष्ट इतरांहून आधी येते. छिद्राचा निर्णय आठवडाभराने घेतला तरी चालतो. पक्षाघाताचा चालत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन लागतो. अंदर मावळातल्या खांडीहून किंवा पवन मावळाच्या टोकाकडून निघालेली गाडी कान्हे फाट्याला किंवा तळेगावला पोचते, तिथून पुण्याला पाठवतात, आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी रस्ता पर्यटकांनी भरलेला असतो. त्यात ‘थोडं पडून राहू दे, बरं वाटेल’ म्हणून गेलेला तास परत मिळत नाही. जवळच्या रुग्णालयात आधी फोन करून सीटी आणि इंजेक्शनची सोय आहे का विचारावं. नसेल तर तिथे थांबण्यात अर्थ नाही.

तोंड वाकडं झालं, हात वर राहत नाही, बोलणं अडखळलं, तर वय विचारू नका. पंचविशीतही होतं. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ कागदावर लिहा, १०८ ला फोन करा आणि निघा. कारण सापडलं नाही आणि रुग्ण साठीच्या आतला असेल, तर घरी सोडण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा: बुडबुड्यांची तपासणी झाली का, पायांच्या शिरांची सोनोग्राफी झाली का, आणि छिद्र सापडलं असेल तर तेच कारण आहे असं कशावरून?